कारंजं आठवतं, दूध आठवत नाही: साठच्या दशकातलं एक दृश्य नीट पाहण्याची रीत

इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला दोल्चे व्हिता'मधलं (१९६०) रोमच्या त्रेव्ही कारंज्याचं दृश्य पाहिलेल्या कुणालाही दोन प्रश्न विचारून बघा. नायक मार्चेल्लो कारंज्यापाशी येतो तेव्हा त्याच्या हातात काय असतं? आणि ते दृश्य संपतं कसं? पहिल्या प्रश्नाला माणूस गप्प बसतो. दुसऱ्याला उत्तर मिळतं, "म्हणजे... ती पाण्यात असते ना, तेवढंच."

हातात दुधाचा पेला असतो. सिल्व्हिया या सिनेनटीला रोमच्या गल्लीबोळांत रात्री मांजराचं पिल्लू सापडलेलं असतं. त्याला डोक्यावर घेऊन ती हिंडते आणि मार्चेल्लोला दूध आणायला पिटाळते. तो बिचारा झोपलेल्या शहरात कुठून तरी दूध पैदा करून येतो, तर बाईसाहेब काळ्या गाऊनसकट कारंज्यात. आणि दृश्य संपतं ते पाणी बंद झाल्यामुळे. कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज एकाएकी थांबतो, पहाट झालेली असते, आणि माल पोचवायला निघालेला एक पोऱ्या उभा राहून या दोघांकडे बघत असतो.

पोस्टरवर, कॅफेच्या भिंतींवर, टी-शर्टवर उरलं ते फक्त कारंजं. दूध गळालं, शांतता गळाली, पोऱ्या गळाला. माझ्या मते तर ते दृश्य या तीन गोष्टींतच आहे. एवढा पेला हातात धरून उभा असलेला माणूस आधी हास्यास्पद दिसतो, म्हणून पुढचं सगळं स्वप्नासारखं वाटतं. आणि पोऱ्या दिसतो म्हणून ते स्वप्न मोडतं.

गाजलेलं दृश्य आपण पाहिलेलं असतं असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात त्याचा फोटो पाहिलेला असतो. त्यामुळे दृश्य परत मिळवायला थोडी मेहनत लागते. ती कशी करायची, याची मी काही वर्षं वापरत असलेली पद्धत इथे लिहितो आहे. आधी एकट्यानं करत होतो, हल्ली घरी पाच-सहा जण जमतात. एका दृश्याला साधारण दीड तास धरा. चित्रपटाचा वेळ वेगळा.

आधी टीव्ही नीट करा

पहिली पायरी रसिकाची नाही, वायरमनची आहे.

'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त (१९६२) लॉरेन्स आणि त्याचा वाटाड्या वाळवंटातल्या एका विहिरीपाशी थांबलेले असतात. दूर मृगजळात एक ठिपका हलतो. बराच वेळ नुसता हलतो. मग त्याची रेघ होते, रेघेचा काळ्या कपड्यांतला उंटस्वार होतो. हा ओमर शरीफचा प्रवेश. दिग्दर्शक डेव्हिड लीन आणि छायालेखक फ्रेडी यंग यांनी त्यासाठी ४८२ मिलिमीटरचं लांब पल्ल्याचं खास भिंग वापरलं होतं, आणि चित्रण ६५ मिलिमीटर रुंद फिल्मवर होतं, ७० मिलिमीटरच्या अवाढव्य पडद्यासाठी. मोबाइलवर तो ठिपका दिसतच नाही. दिसतो तेव्हा त्याचा उंट झालेला असतो. म्हणजे वाट बघण्याच्या दृश्यातली वाटच गायब.

तेव्हा घरातला सर्वांत मोठा पडदा घ्या, खोलीत अंधार करा आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी तपासा. एक, मोशन स्मूदिंग बंद. (कंपनीनुसार नाव बदलतं, पण 'मोशन' हा शब्द कुठे तरी असतोच.) चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, टीव्ही मध्ये स्वतःच्या मनानं जादा चौकटी घुसडतो आणि कुरोसावाचा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. दोन, चित्राचा आकार मूळचाच ठेवा. बर्गमनचा 'पर्सोना' आणि रायांचा 'चारुलता' जवळजवळ चौकोनी आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार. येऊ द्या. कुरोसावाचा 'हाय अँड लो' खूप रुंद आहे, पट्ट्या वर-खाली येतील. त्याही येऊ द्या. एका फिल्म क्लबच्या खेळात मी बर्गमनच्या नायिकांचे चेहरे पुरीसारखे फुगवून दाखवलेले पाहिले आहेत. उठून सांगितलं तर उत्तर मिळालं, "पडदा रिकामा बरा दिसत नाही."

सबटायटल्स पहिल्या वेळी ठेवा, दृश्यावर काम करताना बंद करा. संवाद तोपर्यंत माहीत झालेले असतात, आणि डोळा खालच्या ओळीला बांधलेला राहत नाही. हा फरक करून बघितल्याशिवाय कळत नाही.

बाकी साहित्य: रेघा नसलेली वही, पेन्सिल, दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके. चिंचोक्यांचं पुढे येतं.

अख्खा चित्रपट एकदा, मग दोन दिवस काहीच नाही

क्लिपवरून सुरुवात करू नका. मोह होतो, कारण दोन मिनिटांची क्लिप फुकट आणि हाताशी असते. पण क्लिप म्हणजे भाजीतला फक्त बटाटा उचलून खाणं.

अख्खा चित्रपट बघा, मध्ये थांबू नका, वही उघडू नका. मग दोन दिवस जाऊ द्या. तिसऱ्या दिवशी, पुन्हा न बघता, जे दृश्य मनात राहिलंय ते लिहून काढा. कुठून सुरू होतं, कोण कुठल्या बाजूला उभं आहे, काय ऐकू येतं, शेवटी काय दिसतं. जमतील तशा चौकटी काढा; काड्यांची माणसं चालतात. आठवत नसेल तिथे रिकामी चौकट सोडा, अंदाजानं भरू नका.

हे पान जपून ठेवा, कारण पुढची सगळी मजा त्यातल्या चुकांत आहे. हिचकॉकच्या 'सायको'तलं (१९६०) शॉवरमधल्या खुनाचं दृश्य आठवणीतून लिहायला सांगितलं की चाकू अंगात शिरताना दिसतो, असं लोक शपथेवर लिहितात. एकानं तर फरशीवर लाल रक्त लिहिलं होतं. चित्रपट कृष्णधवल आहे. ते रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप होतं, आणि चाकू कातडीला भिडल्याचं जवळजवळ दिसतच नाही. मग आपल्याला ते दिसलं कसं? आता दृश्य पुन्हा बघायला कारण मिळालं.

चिंचोके

एका वाटीत चिंचोके, दुसरी रिकामी. दृश्य लावा. चित्र तुटून दुसरं चित्र आलं, म्हणजे कट झाला, की एक चिंचोका इकडून तिकडे. डोळे पडद्यावर, हात वाटीत.

शॉवरच्या दृश्यात सुरुवातीला हे सोपं जातं. नायिका कागद फाडून टाकते, पाण्याखाली उभी राहते, एक चिंचोका, दुसरा, निवांत. मग पडद्यामागे सावली येते. पडदा सर्रकन ओढला जातो आणि तिथून हात मागे पडायला लागतो. चिंचोके बोटांतून निसटतात, कुणी तरी हसतं, कुणी "थांबव, थांबव" म्हणतं. ही गोंधळाची जागा हेच तुमचं पहिलं निरीक्षण, ते लिहून ठेवा. जिथे तुमच्या हाताला मोजता येईना, तिथेच तुमच्या डोळ्यांनी न दिसलेला चाकू पाहिला.

या दृश्याचे आकडे प्रसिद्ध आहेत: कॅमेऱ्याच्या ७८ जागा, ५२ कट, पडद्यावर सुमारे ४५ सेकंद, चित्रीकरणाला सात दिवस. आकडे पाठ करून काही होत नाही. पण एकदा हात मागे पडला की सात दिवस कशात गेले असतील ते कळतं.

आता दृश्य चौकट-चौकट पुढे सरकवा. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' ही कळ दाबली की एकेक चौकट पुढे जाते. यूट्यूबवर थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की पुढे, स्वल्पविरामाची दाबली की मागे. प्रत्येक कटला एकच प्रश्न विचारा: इथेच का तोडलं? हात वर गेल्यावर तोडलं की खाली येताना? तोंड उघडण्याआधी की नंतर? सगळ्या कटांची उत्तरं शोधत बसू नका, वेड लागेल. चार पुरेत.

नंतर उतारा म्हणून उलट टोकाचं काही तरी लावा. कालातोझोव्हच्या 'आय अ‍ॅम क्यूबा'मधली (१९६४) विद्यार्थ्याची अंत्ययात्रा. कॅमेरा रस्त्यावरून निघतो, इमारतीच्या कडेनं वर चढतो, सिगार वळणाऱ्या कामगारांच्या खोलीतून आरपार जातो, खिडकीतून बाहेर पडतो आणि गर्दीवरून तरंगत पुढे निघतो. या सगळ्या प्रवासात चिंचोके वाटीतच. पहिल्यांदा आमच्याकडे हे लावलं तेव्हा मोजणाऱ्या मित्राचा हात वाटीत तसाच अडकून राहिला होता.

डोळे मिटून एकदा, कान झाकून एकदा

ही पायरी लोक टाळतात, कारण वेडगळ वाटते. पण माझ्या मते सर्वांत जास्त हाती लागतं ते इथे.

आधी आवाज बंद करून बघा. 'सायको' आवाजाविना लावलात तर ते दृश्य घाबरवत नाही, गरगरवतं. हिचकॉकला या दृश्याला संगीत नकोच होतं. बर्नार्ड हरमननं तरीही ते लिहिलं, आणि ऐकल्यावर हिचकॉकनं मत बदललं. फक्त तंतुवाद्यं आहेत. आता आवाज सुरू करून नीट ऐका: पडदा ओढला जाईपर्यंत संगीताचा मागमूस नाही, नुसतं पाणी. सगळं उरकल्यावर संगीत पुन्हा निघून जातं आणि पाणी चालूच. मोरीच्या भोकातून जाणारं पाणी, मग तो उघडा राहिलेला डोळा. मला तरी त्या चिरक्या व्हायोलिनपेक्षा नंतरचं पाणी जास्त छळतं.

डोळे मिटून ऐकायचं असेल तर सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात घ्या. आडगावचं स्टेशन, तीन बंदूकवाले, गाडीची वाट. संगीत नाही, बोलणं नाहीच म्हणा. चित्र न बघता जे ऐकू येतं त्याची यादी करा. वंगण न घातलेली पवनचक्की कुरकुरते. तारयंत्र खडखडतं, मग एकदम बंद होतं. टोपीवर पाणी ठिबकतं. माशी घोंघावते; मग तोच घोंघाव बारीक, कोंडल्यासारखा होतो. बोटं मोडल्याचा आवाज. शेवटी गाडी. यादी झाली की डोळे उघडून बघा. माशी बंदुकीच्या नळीत कोंडलेली असते. मोरिकोनेसारखा संगीतकार हाताशी असताना लिओनेनं इथे पवनचक्कीला वाजवायला बसवलंय. मग गाडी निघून जाते आणि माउथ ऑर्गन ऐकू येतो. इतका वेळ सुराला भुकेले ठेवल्यामुळे तो सूर अंगावर येतो.

पोन्तेकोर्वोच्या 'द बॅटल ऑफ अल्जिअर्स'मध्ये (१९६६) फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या तीन अल्जेरियन बायका आरशासमोर फ्रेंच दिसण्यासाठी तयार होतात: केस कापणं, रंगवणं, कपडे बदलणं. एक शब्द बोलला जात नाही, मागे ढोल वाजत राहतात. या बायका पुढे बॉम्ब पेरायला निघणार आहेत. ढोल बंद करून बघा, लग्नघरातली तयारी वाटेल. ढोलासह बघा. आणि त्यानंतर कॅफेतल्या माणसांच्या चेहऱ्यांवरून, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरावरून कॅमेरा फिरतो तेव्हा आपण कुणाच्या बाजूला बसलो आहोत हे ठरवता येत नाही, त्याचं मूळ आधीच्या आरशापाशी आहे.

कुणाच्या डोळ्यांनी?

या पायरीसाठी एकच चित्रपट घेतो, कारण इतका उघड आणि इतका खोल नमुना दुसरा मला माहीत नाही. सत्यजित राय यांचा 'चारुलता' (१९६४).

१८७९च्या सुमाराचं कलकत्ता, सुखवस्तू घर, दुपार. चारू रुमालावर नवऱ्याच्या नावाचं 'बी' हे इंग्रजी अक्षर भरते आहे. नोकराला चहाचं सांगते, कपाटातून पुस्तक काढते, चाळते, गुणगुणते. बाहेर माकडवाल्याची डुगडुगी वाजते. ती दांडीची छोटी दुर्बीण घेऊन येते आणि खिडकीच्या लाकडी झडपा किलकिल्या करून बघते. माकडवाला. पालखीचे भोई. छत्रीवाला जाडा गृहस्थ. हा पुढे गेला की ती धावत पुढच्या खिडकीशी, मग त्याच्या पुढच्या. जवळजवळ सात मिनिटं, संवाद नगण्य.

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे 'आपण चारूकडे बघतोय', उजवीकडे 'आपण चारूच्या डोळ्यांनी बघतोय'. दृश्य चालू असताना खुणा करत जा. थोड्याच वेळात दिसेल की रस्ता आपल्याला फक्त तिच्या झडपांतून मिळतो. आपणही तिच्याइतकेच कोंडलेले.

मग नवरा भूपती येतो. व्हरांड्यातून जातो, पुस्तक घेऊन परत येतो, वाचत वाचत तिच्या अगदी शेजारून निघून जातो. तिच्याकडे लक्षही नाही. तो चार पावलं पुढे गेल्यावर चारू दुर्बीण डोळ्याला लावते. घरातल्या घरात. ज्या यंत्रानं तिनं रस्त्यावरचा अनोळखी जाडा माणूस पाहिला, त्याच यंत्रानं ती नवऱ्याला बघते. तो कोपऱ्यावर दिसेनासा होतो, दुर्बिणीचा हात खाली येतो, आणि कॅमेरा झपकन तिच्यापासून मागे सरतो. इथे थांबवा, मागे घ्या, पुन्हा बघा. हात खाली येणं आणि कॅमेरा दूर होणं ही एकच हालचाल असल्यासारखी आहे. या लग्नाबद्दल सांगण्यासारखं सगळं सांगून झालंय आणि अजून कुणी धड एक वाक्य बोललेलं नाही.

आता या पायरीचा गृहपाठ. हाच चित्रपट पुढे चालू ठेवा आणि दुर्बीण डोळ्याला किती वेळा लागते, दर वेळी पलीकडे कोण असतं, एवढंच टिपा. बागेतल्या झोक्याच्या दृश्यात ती पुन्हा येते. तिथे कॅमेरा झोक्यावरच बसवलाय. चारूचा चेहरा स्थिर राहतो आणि मागची झाडं हेलकावे खातात. त्याच दृश्यात दुर्बिणीतून आधी कुणाचं तरी तान्हं मूल दिसतं, आणि मग दिराकडे, अमलकडे, दुर्बीण वळते. तुमची यादी इथवर आली असेल तर तिच्या चेहऱ्यावरचा बदल समजावून सांगायला कुणी समीक्षक लागत नाही.

रायांना 'महानगर' आणि 'चारुलता' या दोन्हींसाठी लागोपाठ १९६४ आणि १९६५ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचा 'रौप्य अस्वल' पुरस्कार मिळाला होता. हे सांगायचं कारण, 'आंतरराष्ट्रीय' म्हटलं की आपण यादी रोम-पॅरिसला सुरू करतो आणि तिथेच संपवतो.

मागे जा

समजा एखाद्या दृश्यानं धक्का दिला. धक्क्याच्या जागी उकरत बसण्यात अर्थ नाही, मसाला बहुधा मागेच कुठे तरी पेरलेला असतो. तो शोधायचा.

कुरोसावाच्या 'हाय अँड लो'मध्ये (१९६३) योकोहामा शहरावर गुलाबी धूर उठतो. चित्रपट कृष्णधवल, आणि एका चिमणीतून गुलाबी रेघ. माझ्या आठवणीच्या पानावर मी 'लाल धूर, शेवटाकडे' असं लिहिलं होतं. दोन्ही चूक. पण त्याहून मोठी चूक म्हणजे मी लिहायला सुरुवातच धुरापासून केली होती.

मागे जा. गोंदो हा बुटांच्या कंपनीतला बडा अधिकारी. त्याचा मुलगा समजून अपहरणकर्ता ड्रायव्हरच्या मुलाला पळवतो, खंडणी मात्र गोंदोकडेच मागतो. पैसे दोन बॅगांत भरून धावत्या आगगाडीच्या खिडकीतून फेकायचे आहेत. खिडकी उघडते फक्त सात सेंटिमीटर, म्हणून बॅगाही तेवढ्याच जाड. पोलिसांना त्यात दोन प्रकारच्या पुड्या लपवायच्या आहेत: एक पाण्यात पडली तर उग्र वास सोडणारी, दुसरी जळली तर गुलाबी धूर सोडणारी. त्या बसवणार कोण? गोंदो उठतो, आपली जुनी हत्यारं मागवतो आणि फरशीवर बसून बॅगेचं चामडं स्वतः उघडायला लागतो. तो चामड्याच्या कामातून वर आलेला माणूस आहे. खोलीभर पोलीस उभे, आणि डोंगरावरच्या आलिशान घराचा मालक खाली बसून कारागिरी करतोय.

आमच्या घरी हे दृश्य बघताना एका मित्राचे वडील होते. त्यांची उमर बॅगा बनवण्याच्या कारखान्यात गेली. कुरोसावाचं नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं असावं. ते म्हणाले, "हत्यार उचलल्यावर हा माणूस सुटला बघा. आत्तापर्यंत आखडून होता." आम्ही ते दृश्य पुन्हा लावलं. गोंदो झालेल्या मिफुने या नटाचे खांदे खरंच खाली आलेले होते. तोवर आम्ही सगळे चेहरा बघत होतो, खांद्यांकडे कुणी बघितलंच नव्हतं.

म्हणजे तो धूर गोंदोच्या हातचा आहे. शहरावर उठलेली ती गुलाबी रेघ त्यानं जमिनीवर बसून शिवलेली असते. क्लिप बघणाऱ्याला हे कधीच मिळणार नाही. त्याला मिळते ती फक्त युक्ती.

मागे जाण्याचा दुसरा धडा अंतोनिओनीच्या 'लेक्लिस'मध्ये (१९६२). नायक-नायिका संध्याकाळी नेहमीच्या जागी भेटायचं ठरवतात आणि कुणीच येत नाही. कॅमेरा मात्र येतो. शेवटची सात मिनिटं रोमच्या एऊर भागातला तो कोपरा दिसत राहतो: अर्धवट बांधलेली इमारत, पाण्याचं पिंप, झेब्रा क्रॉसिंग, बस, रस्त्यावरचा दिवा. पहिल्यांदा बघताना कंटाळा आला तर लाजू नका, मलाही आला होता. दुसऱ्या वेळी या सात मिनिटांतल्या वस्तूंची यादी करा आणि चित्रपट मागे नेऊन प्रत्येक वस्तू आधी कुठे दिसली होती ते शोधा. त्या पिंपात तिनं लाकडाचा तुकडा टाकलेला असतो. तो तुकडा तिथेच आहे, आणि पिंपातलं पाणी गळतंय. यादी भरत आली की कंटाळ्याच्या जागी दुसरंच काही तरी येतं. त्याला मी नाव देणार नाही.

दोन गाजलेल्या सांध्यांचं काम पटकन उरकता येतं. 'लॉरेन्स'मध्ये पेटती काडी फुंकताच वाळवंटातला सूर्योदय, आणि कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'मध्ये (१९६८) हवेत भिरकावलेलं हाड आणि लगेच अंतराळयान. दोन्हींत कटच्या आधीची पाच सेकंदं आणि नंतरची पाच सेकंदं ऐका, बघू नका. बस्स.

चार माणसं जमवायची असतील तर

आपल्याकडे हे नवं नाही. पुण्यात प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ. सतीश बहादुर हे प्राध्यापक या इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट शॉटगणिक उलगडून शिकवत. त्यातूनच रसास्वादाची शिबिरं रुजली. घरच्या बैठकीला तेवढा थाट नको, पण शिस्त तीच.

सहाच्या वर माणसं नकोत. चित्रपट आधी ज्यानं-त्यानं आपापल्या घरी बघून यायचा. आल्यावर कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांनी आठवणीचं पान लिहायचं, दहा मिनिटं. मग पानं मोठ्यानं वाचायची. सहा जणांच्या पानांवर सहा वेगळी दृश्यं निघतात आणि भांडणं सुरू होतात. तशी होऊ द्या. त्यानंतर दृश्य लावायचं: एकदा सरळ, एकदा चिंचोक्यांसह, एकदा आवाजाविना, एकदा डोळे मिटून. चहा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये.

दोन प्रश्नांना बंदी. 'आवडलं का?' हा पहिला, कारण त्यावर माणूस हो किंवा नाही म्हणून मोकळा होतो. दुसरा, 'हे कशाचं प्रतीक?' कारंजं पावित्र्याचं, धूर पापाचं, पिंप पोकळीचं, असं एकदा सुरू झालं की पडद्याकडे कुणी बघत नाही, सगळे छताकडे बघून बोलतात. त्याऐवजी विचारा: कोण कुणाच्या किती जवळ आहे? उजेड कुठून येतोय? या खोलीचं दार कुठे आहे? सर्वांत लाजाळू माणसालाही दार दाखवता येतं.

नवख्या मंडळींसाठी पहिली बैठक ख्रिस मार्करच्या 'ला जेते'ची (१९६२) ठेवा. २८ मिनिटांचाच आहे, त्यामुळे इथे घरून बघून यायची अट नाही, तिथेच पूर्ण दाखवता येतो. जवळजवळ अख्खा स्थिर फोटोंचा बनलेला आहे: फोटो, निवेदन, पुन्हा फोटो. मध्ये एका ठिकाणी एक बाई झोपलेली असते. तिचे फोटो एकमेकांत विरघळत जातात, पक्ष्यांचा किलबिलाट वाढत जातो, आणि ती डोळे उघडते. खरोखर उघडते, तेवढा एक तुकडा चालतं-बोलतं चित्रण आहे, काही सेकंदांचा.

हे आधी कुणालाही सांगू नका. तुम्ही आता वाचलंच आहे, त्यामुळे तुमची ती मजा मी घालवली, त्याबद्दल माफी. पण जमलेल्यांपैकी एखाद्याच्या नजरेतून ते निसटतं. आमच्याकडे एक जण नेमका चष्मा पुसत होता. बाकीच्यांचं "अगं बाई" ऐकून त्यानं चष्मा चढवला, तोवर पडद्यावर पुन्हा फोटो. "काय झालं? कुणी सांगेल का मला?" कुणीच सांगितलं नाही. शेवटी त्यानं रिमोट हिसकावला आणि अर्धा मिनिट मागे नेऊन, पडद्याच्या हातभर जवळ जमिनीवर बसून राहिला.